ताप नाही, तर सुई काहून?

मावशे,

मंगळवारी गल्लीतला कंपाउंडर तुला इंजेक्शन द्यायला आला आणि तू नुसता दंड पुढे केलास. बाटली मागितली नाहीस. 'दाखव गा, कोनती हाये' असं म्हणाली नाहीस. सुई नवी आहे की उकळलेली, हेही विचारलं नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. तो बिचारा सवयीनं बाटली तुझ्या डोळ्यांसमोर धरून उभा राहिला, आणि तू पाहिलंच नाहीस. तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. तू आता राहत नाहीस, हे मला कळलं होतं. शुक्रवारी तू गेलीस.

आज तुझा जलदानविधी झाला. पाहुणे परतले, सतरंज्या गुंडाळून झाल्या. हे म्हणत होते, पेपरात चार ओळी देऊ, वय किती लिहायचं? मी म्हटलं, ते कुणालाच ठाऊक नाही. जनगणनेवाला आला तेव्हासुद्धा तू त्याला दारातच विचारलं होतंस, "माह्यं वय तुमाले काहून पाह्यजे? तुमचं काय अडून राह्यलं?" त्यानं अंदाजानं काहीतरी लिहिलं, तर ते तू शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलंस आणि खोडायला लावलंस.

संशय हा तुझा धंदाच होता. नागपूरच्या गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात तू गाठोडी सोडायचीस. लुगड्याचा एकेक पदर उजेडात धरून कुठं सूत तुटलंय, कुठं रंग बसला नाही ते पाहायचीस, आणि मगच घडी घालायचीस. तीस वर्षं तेच केलंस. मग घरी येऊनही डोळा तसाच राहायचा. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन पाहायचीस. मला पाहायला हे आले, तर यांना तू दुकानातला जुना कागद दिलास आणि म्हणालीस, "मॅट्रिक पास हाये म्हन्ते ना? मंग वाचून दाखवा." हे वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या बिल्ट्या लिहायचे. त्यांनी कागद वाचला. पुरता वाचला. तरी तू म्हणालीस, "पाठ करून आला असन."

मी हसायचे. मला आई नव्हती, तूच होतीस, म्हणून हसण्याचा मला हक्क होता. पण शेवंता गेल्यानंतर मी हसणं सोडलं.

शेवंता तुझी एकुलती एक. माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. धम्मदीक्षेच्या दिवशी तू आम्हा दोघींचे हात असे घट्ट धरले होतेस की माझी बोटं दुखत होती. त्या गर्दीत तू प्रत्येक माणसाकडे, हा माझी पोरगी पळवून नेणार, अशा नजरेनं पाहत होतीस. ती पोरगी तू सावनेरला दिलीस. तिचं बाळंतपण अडलं, तेव्हा तिच्या सासरच्यांनी तिला तिकडच्याच एका लहान दवाखान्यात नेलं. पोट फाडून मूल काढलं. मूल गेलेलंच होतं. तू पोचलीस तेव्हा शेवंता शुद्धीवर होती, तुझ्याशी बोलली. चौथ्या दिवशी तिला ताप चढला. तिथल्या माणसानं सांगितलं, "दूध उतरल्याचा ताप आहे, येतोच. उतरेल." आणि आयुष्यात पहिल्यांदा तू कुणाचं बोलणं उलटून विचारलं नाहीस. डॉक्टर होता तो. तुझ्यापेक्षा शिकलेला. तू दोन दिवस तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलीस. टाके पिकले, वास यायला लागला, तेव्हा औषध सुरू झालं. नागपूरला आणता आणता ती गेली.

वस्तीतल्या एक-दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, घरातले देव काढले म्हणून असं झालं. तू त्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस. "देव गेला म्हून नाही मेली माह्यी पोरगी. औषध येळेवर नाही आलं म्हून मेली." तेवढंच बोलून परत आलीस. त्या दिवसापासून तुझा कुणावरच विश्वास उरला नाही. माझ्यावरही नाही.

दोन वर्षांनी माझे दिवस भरले. तू मला वाडीहून तुझ्याकडे आणून ठेवलंस. कळा सुरू झाल्यावर आपण सरकारी दवाखान्यात गेलो. सकाळची दुपार झाली. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "सिझर करावं लागेल. मूल आडवं आहे." हे माल घेऊन अमरावतीला गेले होते. कागदावर अंगठा तुझाच लागणार होता.

तू तो कागद घेऊन वऱ्हांड्यात गेलीस. एका अनोळखी पेशंटच्या नवऱ्याकडून वाचून घेतलास. मग दुसऱ्याकडून. दोघांनी सारखंच वाचलं, तेव्हा आत आलीस. मी कळा देत होते आणि तुझ्यावर चिडत होते. "मावशे, लाव ना वं अंगठा!" मी ओरडले. तू माझ्याकडे पाहिलंस. मग अंगठा शाईत बुडवून लावलास आणि पदराला पुसलास.

मुलगी झाली. मी जागी झाले तेव्हा पोटावर पट्टी होती, आणि सिस्टर माझ्या हातावर बारीक सुई टोचून तिथं पेनानं गोल काढत होती. मालती तिचं नाव. नुकतीच कामावर लागलेली, सावळी, हसरी. म्हणाली, "ही फक्त पाहण्यापुरती आहे. अर्ध्या तासात लाल झालं नाही तर पेनिसिलीन सुरू करायचं."

"तिले ताप हाये काय?" तू विचारलंस.

"नाही आजी."

"टाके पिकले काय?"

"नाही, आजच तर घातलेत."

"मंग ताप नाही, पू नाही, तर सुई काहून? तुमी पोरीवर शिकून राह्यले काय?"

मागून डॉक्टरीणबाई येत होत्या. चष्म्याआडून त्यांनी तुला नीट पाहिलं. त्या दिवशी त्यांना पस्तीस बायका पाहायच्या होत्या, तरी त्या थांबल्या. "बाई, पोट उघडलं की आत जंतू जाण्याची भीती असते. ताप आला म्हणजे ते आत वाढले. तेव्हा औषध दिलं तर कधी लागू पडतं, कधी उशीर होतो. म्हणून ताप यायच्या आधीच द्यायचं. कळलं?"

स्टुलावर बसलीस. अगदी हळू विचारलंस, "आधी देता येते?"

"येतं. द्यायलाच पाहिजे."

"दोन वर्साआधी बी येत होतं?"

डॉक्टरीणबाईंना त्या प्रश्नाचा अर्थ माहीत नव्हता. त्या सरळ म्हणाल्या, "हो, कधीचंच येतं." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. तू पदर तोंडात धरलास. मी डोळे मिटून घेतले. माझ्यात तुझ्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

आणि मग तुझा संशय पालटला. घटकाभरापूर्वी तू 'सुई काहून देता' म्हणत होतीस, आता 'सुई खरंच देता काय' हे पाहायला लागलीस. पहिली बाटली रिकामी झाली ती तू मागून घेतलीस आणि पदराच्या गाठीत बांधलीस. पावडर कशी दिसते, पाणी किती घालतात, हलवल्यावर कशी होते, सगळं पाहून ठेवलंस. गांधीबागेत लुगडं पाहायचीस तसंच. तासातासाला हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावायचीस. मी म्हणायचे, "मावशे, झोपू दे." तू म्हणायचीस, "झोप ना वं, मी काय तुह्या कपाळात हात खुपसून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू डबा आणायला घरी गेलीस, तेवढी एक सुई तुझ्या माघारी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मालती सिस्टर ट्रे घेऊन आली. तिनं बाटलीत पाणी सोडलं, हलवली, पिचकारीत ओढून घेतली. तू उठून उभी राहिलीस.

"हे कोनतं औषध वं?"

"पेनिसिलीन आजी. रोजचंच."

"काल दुधावानी पांढरं होतं. आज पान्यावानी काहून?"

"कंपनी बदलली असेल. सरका बरं, मला अजून बारा खाटा करायच्या आहेत."

"मी नाही सरकत."

मालतीनं तुला बाजूला करायला हात पुढे केला आणि तू तिचं मनगट धरलंस. काचेची पिचकारी खाली पडून फुटली. सगळा वॉर्ड उठून बसला. आणि तू ओरडलीस. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "चोट्टी हाये हे! औषध इकून खाते आन बायंतिनीईले पानी टोचते! पाहा वं बायाहो, पाहा!"

मालतीचा चेहरा असा उतरला की मला तो पाहवेना. ती वीस-बावीस वर्षांची असेल. फरशीवर बसून काचा गोळा करायला लागली, आणि तिचं बोट कापलं.

डॉक्टरीणबाई आल्या. तू गाठ सोडून जुनी बाटली त्यांच्या हातावर ठेवलीस आणि ट्रेमधली नवी बाटली शेजारी. त्यांनी दोन्हींवरचं लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, त्या तुला वॉर्डातून बाहेर काढतील. पण त्यांनी मालतीला विचारलं, "हे केव्हापासून आलंय?"

"काल संध्याकाळपासून. आधीचं संपलं, स्टोअरनं हे पाठवलं."

"दिवसातून किती वेळा देतेस?"

"दोनदा. तुम्ही लिहिलंय तसं, मॅडम."

त्यांनी माझा कागद उचलला. त्यांच्याच अक्षरात होतं, पेनिसिलीन, सकाळ-संध्याकाळ. मग म्हणाल्या, "बाई, हे पाणी नाही. हेही पेनिसिलीनच आहे, दुसऱ्या जातीचं. ते विरघळलं की असंच दिसतं. पण दुधासारखं होतं ते अंगात बराच वेळ टिकतं. हे लवकर उतरून जातं. हे दर सहा तासांनी द्यायला हवं." त्यांनी माझा कागद खोडला. मग सगळ्या वॉर्डाचे कागद मागवले आणि उभ्या उभ्या एकेक खोडून नव्यानं लिहिला.

माझ्या शेजारच्या खाटेवर काटोलकडची एक बाई होती. तिला त्या सकाळीच ताप आला होता. तिचा एक टाका उसवला. आपण घरी निघालो तेव्हा ती अजून तिथंच होती, पण उठून बसली होती, दूध पीत होती. मला ताप आला नाही. माझे टाके कोरडे भरले.

म्हणजे तू खोटी ठरलीस आणि तुझ्यामुळंच पूर्ण वॉर्डाला औषध बरोबर मिळालं. हे कसं मोजायचं, ते मला आजवर उमगलेलं नाही. कारण नोटीस मालतीला मिळाली. कागद लिहिला डॉक्टरीणबाईंनी, बाटल्या बदलल्या स्टोअरनं, आणि लेबल वाचून विचारलं का नाही, हा ठपका आला तिच्यावर. तिला दुसऱ्या वॉर्डात टाकलं. आयाबाया तिच्या मागं 'पानी टोचनारी' म्हणायच्या, हे मला आपल्याला सोडायच्या दिवशी कळलं.

मी तिथंच तुला म्हटलं होतं, "मावशे, चाल, तिची माफी माग."

"काहून? औषध दुसरं होतं का नोयतं?"

"पण ती चोर नोयती ना वं."

"मले काय मालूम. मी इचारलं तवा तिनं पाह्यलं असतं बाटलीकडं, तर मी कायले वरडली असती?"

हे भांडण आपण चौदा वर्षं भांडलो. दिवाळीत भांडलो. माझी शाळेतली नोकरी पक्की झाली त्या दिवशी पेढे खाता खाता भांडलो. तू नेहमी तेच म्हणायचीस, "माफी मागतली असती तर मंग सुई पाहाले कोन्या तोंडानं उभी राह्यली असती?" आणि मी तेच म्हणायचे, गरिबाच्या पोरीला चोर म्हणताना तुला काहीच वाटलं नाही काय? त्यावर तू उठून भांडी घासायला लागायचीस. स्वच्छ भांडीसुद्धा.

पण एक गोष्ट मी कधी भांडणातही काढली नाही. माझाही तुझ्यावर एक संशय होता, मावशे. पाचव्या दिवशी मी पडले होते, झोप लागली नव्हती. तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, "शेवंते, ताप नाही ना वं तुले?" मी डोळे उघडले नाहीत. तू चुकून बोललीस की तुला खरंच तसं वाटत होतं, मला माहीत नाही. पण तेव्हापासून मनात घर करून बसलं, की तो पहारा माझ्यासाठी नव्हताच. मी नुसती खाट धरून होते, वाचवत होतीस ती दुसरीच. माझ्या मुलीला तू मांडीवर घ्यायचीस तेव्हाही मी तुझा चेहरा चोरून पाहायचे, ही कुणाला पाहते आहे म्हणून. तुझ्याच हाताखाली वाढले ना, संशय मलाही येत होता. विचारायला हवं होतं. तू रागावली असतीस, किंवा रडली असतीस, पण विचारायला हवं होतं.

आज दुपारी जेवणं चालली असताना एक बाई दारात येऊन उभी राहिली. पांढरं लुगडं, हातात छत्री, कानशिलांवरचे केस पिकलेले. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मी मालती. वॉर्डातली." माझ्या हातातलं वाढपाचं भांडं तसंच राहिलं. वाटलं, चौदा वर्षांचं बोलायला आज आली, आणि ऐकणारी तर उरली नाही.

मी तिला आतल्या खोलीत बसवलं. पाणी दिलं. ती म्हणाली, "तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. माझंही सिझर झालं होतं. त्या गोष्टीनंतर तीनेक वर्षांनी, आमच्याच दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर उशाशी स्टुलावर तुझी मावशी. आमच्या वॉर्डातल्या आयाबाईनं गांधीबागेत तिला सांगितलं होतं म्हणे. मी घाबरले. म्हटलं, आता ही इथं सगळ्यांसमोर पुन्हा काय बोलते."

"मग?"

"काही नाही बोलली. सिस्टर सुई घेऊन आली तर म्हणाली, दाखव. बाटली पाहिली. कागदावर किती वेळा लिहिलंय ते मला वाचायला लावलं. सात दिवस सकाळी यायची, संध्याकाळी जायची. माझ्या कपाळाला हात लावायची. सातव्या दिवशी टाके काढले, ते तिनं स्वतः वाकून पाहिले, लुगड्याचा काठ पाहावा तसे. 'चांगले भरले' म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर कधीच आली नाही."

मला एकदम आठवलं. त्या वर्षी तू आठवडाभर सावनेरला जाते म्हणून मला निरोप धाडला होतास. शेवंताच्या सासरी तुझं कोण उरलं होतं, असा प्रश्न तेव्हा मला पडला होता. नंतर वाडीला आमच्याकडे आलीस तेव्हा तुझ्या लुगड्याला फिनाईलचा वास येत होता. मी विचारलं, तर म्हणालीस, "येष्टीत सांडलं असन कोनाचं."

"तिनं तुमची माफी मागितली?" मी विचारलं.

मालतीबाई हसल्या. "नाही वं. एकदाही नाही. मी रोज वाट पाहायची, आज म्हणेल, उद्या म्हणेल. तिचं आपलं एकच, बाटली दाखव."

आम्ही दोघी हसलो. मग मीच रडले. खूप वेळ. मला वाटत होतं, तू माझ्या उशाशी शेवंताला पाहत बसली होतीस. कदाचित बसलीही असशील. पण जिला चोर म्हणालीस तिच्याही कपाळाला तू तोच हात लावलास. मग मी आता काय म्हणून तक्रार करू? त्या हातानं कुणालाही आठवलं असेल, ताप तर माझाच पाहिला.

तरी तुझं चुकलंच होतं, मावशे. भरल्या वॉर्डात त्या पोरीला तसं बोलायला नको होतं. हे मी तुझ्या तोंडावर म्हणत आले आणि आताही म्हणते. म्हणून मालतीबाई निघाल्या तेव्हा मी त्यांच्या पायाशी वाकले. म्हटलं, "तिच्या वतीनं मी तुमची माफी..."

त्यांनी मला मध्येच धरून उभं केलं.

"तू नको मागू," त्या म्हणाल्या. "तिनं नाही मागितली, ती सात दिवस येऊन बसली. माझं तेवढ्यात भागलं."

आणि छत्री उघडून त्या उन्हात निघाल्या. मी दारात उभी होते. पुढे वळणापर्यंत जाऊन त्या थांबल्या, मागं वळल्या आणि तिथूनच मोठ्यानं विचारलं, "तुझी पोरगी कशी आहे वं?"

"चांगली आहे!" मी ओरडून सांगितलं. "नववीत गेली!"